टाकण्याजोगे ओझे कोणते?

हुबळीच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या मुलास 'बॅलास्ट' हा शब्द कोणी शिकवावा लागत नाही. सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून येथे मोठा कारखाना आहे, २००३ पासून नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्य ठाणेही येथेच आहे, आणि ह्या गावातील कित्येक घरांची भाकर रुळांवरूनच आलेली आहे. रुळाखाली जी फोडलेल्या दगडाची खडी पसरलेली असते, जिला आमचे कानडी शेजारी जल्ली म्हणतात, तिलाच रेल्वेचे लोक बॅलास्ट म्हणतात. ती स्लीपर जागच्या जागी धरून ठेवते, गाडीचा भार जमिनीवर सारखा वाटते आणि पावसाचे पाणी खाली निघून जाऊ देते. नदीतले गोल गुळगुळीत गोटे ह्या कामी चालत नाहीत, ते घरंगळतात. एकमेकांत अडकून बसणारा टोकदार दगडच लागतो.

परंतु हा शब्द मूळचा रेल्वेचा नव्हे. तो समुद्रावरचा आहे. उत्तर युरोपातील खलाशांच्या बोलीतून तो आला आणि त्याचा मूळ अर्थ 'नुसता भार' असा सांगतात. म्हणजे ज्याला भाडे नाही, गिऱ्हाईक नाही, पैका नाही, केवळ वजन आहे म्हणून जो जहाजाच्या तळाशी घालावयाचा, असा दगड किंवा वाळू. रिकामे गलबत वाऱ्याने कलंडते, म्हणून त्याच्या पोटात हा भार भरतात. गलबतांच्या मराठीत ह्याला 'नीरम' असा शब्द आहे. जहाजावरून हा शब्द बलूनमध्ये चढला आणि तेथे त्याचा अर्थ थोडा पालटला. त्या पालटलेल्या अर्थाविषयीच आज आम्हांस लिहावयाचे आहे, कारण त्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो प्रश्न आमच्या घरांत व मंडळ्यांत रोज उभा राहतो.

प्रश्न असा की, टाकण्याजोगे ओझे कोणते, आणि ते कोणी ठरवायचे?

आपली मराठी भाषा ह्या बाबतीत मोठी गमतीची आहे. ज्याच्या शब्दाला मान आहे त्याला आपण 'भारदस्त' किंवा 'वजनदार' म्हणतो; ज्याच्या वागण्याला धरबंध नाही त्याला 'हलका' म्हणतो. येथपर्यंत भार म्हणजे चांगली गोष्ट झाली. पण तोच माणूस म्हातारा झाला, अंथरुणास खिळला, कमाईचा राहिला नाही, की त्याच तोंडाने आपण म्हणतो, 'खायला काळ आणि भुईला भार'. शब्द तोच, पण पहिल्या ठिकाणी तो माणसाच्या गळ्यात हार घालतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला घराबाहेर काढतो.

उपदेशकांच्या व्यासपीठावरही भार ह्या शब्दाचे असेच होते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी धावणाऱ्याने सर्व भार टाकून द्यावा असा बोध आहे, आणि त्यावर संदेश दिला नाही असा उपदेशक विरळा. 'टाका, टाका' म्हणणे फार सोपे असते. परंतु मूळ ग्रीक भाषेत तेथे जो 'ओंकोस' हा शब्द आहे तो नव्या करारात दुसरीकडे कोठेही आलेला नाही. धावण्यास आड येणारा फुगवटा, अंगावरचे अवजडपण, असा त्याचा रोख आहे. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहण्यास सांगितले आहे तेथे 'बारोस' हा निराळा शब्द आहे. आणि तीनच वचनांनंतर प्रत्येकाने आपला स्वतःचा भार वाहावा असे म्हटले आहे तेथे 'फोर्तिओन' हा तिसराच शब्द आहे, जो जहाजातील मालालाही लावतात. म्हणजे टाकण्याचे ओझे एक, दुसऱ्याचे वाहण्याचे एक आणि स्वतःचे निमूटपणे वाहण्याचे एक. ह्यांची सरमिसळ झाली की अनर्थ होतो.

आता बलूनकडे वळू. १ डिसेंबर १७८३ रोजी पॅरिस येथे प्राध्यापक जाक शार्ल आणि त्यांचे सोबती निकोला रोबेर हे हायड्रोजन वायूने भरलेल्या बलूनमधून वर गेले. त्याच्या दहाच दिवस आधी, २१ नोव्हेंबरला, माँगोल्फिए बंधूंच्या गरम हवेच्या बलूनमधून माणसे प्रथमच आकाशात मोकळी फिरली होती. पण तेथे खाली पेटवलेला विस्तव हेच सर्व साधन होते. शार्ल ह्यांनी टोपलीत वाळूच्या पिशव्या घेतल्या आणि बलूनच्या माथ्यावर एक झडप बसवली. वर जावयाचे तर थोडी वाळू टाकायची, खाली यावयाचे तर थोडा वायू सोडायचा. पुढे दीडशे वर्षे वायूच्या बलूनचे शास्त्र ह्या दोन गोष्टींभोवतीच फिरले.

ह्यातली मेख अशी की दोन्ही गोष्टी फक्त खर्चच होतात. टाकलेली वाळू परत मिळत नाही, सोडलेला वायू परत भरता येत नाही. त्यामुळे मुरलेल्या बलूनवाल्याची परीक्षा तो किती उंच गेला ह्यावर होत नसे. त्याने वाळू किती जपून वापरली ह्यावर होत असे. मूठभर, ओंजळभर वाळू तो टाकतो आणि वाट पाहतो. आणि शेवटच्या काही पिशव्यांना तो हातच लावत नाही, कारण त्या उतरण्यासाठी राखलेल्या असतात. जमीन वेगाने जवळ येऊ लागली, पुढे झाडे किंवा घर आले, तर त्या क्षणी टाकावयास काही शिल्लक असले पाहिजे. ज्याने उंच जाण्याच्या हौसेत सगळी वाळू उधळली, त्याच्या हाती उतरताना काहीच उरत नाही.

आजही हे खरे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६९ पासून हैदराबाद येथे बलून सोडण्याचे केंद्र चालविले आहे. वातावरणात फार उंचावर सूक्ष्म जीव सापडतात काय हे पाहण्यासाठी आपले जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी ह्यांनी जे प्रयोग केले, ते ह्याच केंद्रातून सोडलेल्या बलूनांनी. २००५ सालच्या उड्डाणात २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले गेले आणि त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्या. एकीला शास्त्रज्ञ फ्रेड हॉईल ह्यांचे नाव दिले आहे. अशा मोठ्या बलूनांना रात्र काढावयाची असेल तर एक अडचण येते. सूर्य मावळला की वायू थंड होतो, आकसतो, आणि बलून खाली येऊ लागते. त्या वेळी खालून इशारा देऊन थोडा भार, बहुधा बारीक लोखंडी छर्रे, सोडावा लागतो. दुपारच्या उन्हात जो भार नुसता अडगळ वाटतो, त्याच्याच आधारावर बलून संध्याकाळ ओलांडते.

वाचक म्हणतील, हा भार म्हणजे जीवनात काय? उपमा फार ताणली की लंगडते, हे आम्हांस ठाऊक आहे. तरी एवढे म्हणता येईल की ज्याचा आज काहीच उपयोग दिसत नाही आणि जे संकटाच्या क्षणी दुसऱ्यासाठी मोकळे करता येते, असे काही प्रत्येकाने जवळ बाळगावे. आठवड्यातील एक रिकामी संध्याकाळ, गाठीला बांधलेले थोडे पैसे, न वापरलेला रजेचा दिवस, रागाच्या वेळी न बोललेला शब्द. घड्याळाला बांधलेल्या माणसाला ही सारी अडगळ वाटते. शेजारच्या घरी आजारपण आले की कोणाकडे काय शिल्लक होते ते कळते.

भार टाकण्यात एक धुंदीही असते, आणि तिचे उदाहरण भयंकर आहे. १५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून 'झेनिथ' नावाचे बलून वर गेले. त्यात गास्ताँ तिसांदिए, क्रोसे-स्पिनेल्ली आणि सिवेल असे तिघे होते. वाळूच्या पिशव्या टोपलीबाहेर दोरीने टांगल्या होत्या, दोरी कापली की झाले. सात हजार मीटरांच्या वर हवा इतकी विरळ की मेंदू मंदावतो. प्राणवायूच्या पिशव्या जवळ असूनही हात उचलेना. पण त्या अवस्थेत त्यांस भीती वाटली नाही; उलट एक प्रकारचा आनंद वाटला, असे तिसांदिए ह्यांनी पुढे लिहून ठेवले. सिवेलने दोऱ्या कापल्या. नंतर मधेच शुद्धीवर येऊन क्रोसे-स्पिनेल्लीने आणखी भार, एवढेच नव्हे तर एक जड उपकरणही, बाहेर फेकले. बलून आठ हजार मीटरांहून वर गेले. खाली आले तेव्हा तिसांदिए एकटे जिवंत होते आणि त्यांचे कानही गेले होते. शहाणी, अभ्यासू माणसे होती ती. पण आपली बुद्धी मंद झाली आहे हे ओळखण्यासही बुद्धीच लागते. रागाच्या, यशाच्या किंवा नव्या उत्साहाच्या भरात आपण जेव्हा 'हे जुने सगळे टाकून देऊ' म्हणतो, तेव्हा आपण कोणत्या उंचीवर आहोत हे दुसऱ्या कोणास तरी विचारावे. मग ती मंडळीची पंचकमिटी असो की नवीन सून आलेले घर असो.

आणखी एक गोष्ट. टाकलेला भार कोठेतरी पडतो. म्हणून बलूनवाले बारीक, कोरडी वाळू घेतात, जी हवेत विखुरते. गोटा टाकला तर खालच्या शेतकऱ्याचे डोके फुटेल. १९०६ पासून चालत आलेल्या गॉर्डन बेनेट बलून शर्यतीत आजही वाळू किंवा पाणी हाच भार सोडण्याची रीत आहे. जहाजे हल्ली दगडांऐवजी समुद्राचे पाणीच तळात भरतात आणि दुसऱ्या बंदरात सोडतात; त्या पाण्याबरोबर परक्या समुद्रातले जीव येऊन तेथील शिंपले-मासळीचा नाश करू लागले, तेव्हा २००४ साली त्यासाठी राष्ट्रांना करार करावा लागला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. घरातील मोठा भाऊ आईवडिलांच्या जबाबदारीतून 'मोकळा' होतो तेव्हा ती जबाबदारी हवेत विरत नाही. ती बहुधा धाकटीच्या, अविवाहित बहिणीच्या, डोक्यावर जाऊन पडते. ती बोलत नाही म्हणून ती पडली नाही असे नव्हे.

आता मुख्य गोष्ट. ७ जानेवारी १७८५ रोजी झां-पिएर ब्लांशार हा फ्रेंच बलूनवाला आणि डॉ. जॉन जेफ्रीज हा अमेरिकेत जन्मलेला वैद्य, असे दोघे डोव्हरच्या कड्यावरून इंग्लिश खाडी ओलांडण्यास निघाले. खर्च जेफ्रीजने केला होता. ब्लांशारला मात्र कीर्ती एकट्याला हवी होती. बलून दोघांना पेलत नाही असे दाखविण्यासाठी त्याने अंगात शिशाचा पट्टा चढविला होता असे सांगतात. अखेर तडजोड झाली ती अशी की, गरज पडल्यास जेफ्रीजने स्वतः समुद्रात उडी टाकावी. जेफ्रीजने ते मान्य केले! म्हणजे कागदावर तरी एक माणूस वाळूची पिशवी झाला.

हा करार न्याय्य होता काय? जेफ्रीज सज्ञान होता, त्याने स्वखुशीने कबूल केले, कोणी जबरदस्ती केली नाही. आजकालचा युक्तिवाद येथेच थांबतो. आम्हांस मात्र हे पुरेसे वाटत नाही, आणि ते का हे पवित्र शास्त्रातील दोन जहाजांवरून स्पष्ट होईल.

योनाच्या जहाजावर वादळ आले तेव्हा खलाशांनी आधी माल समुद्रात टाकला. मग योनानेच सांगितले की मला उचलून टाका. कबुली मिळाली, तीही ज्याच्यामुळे वादळ आले त्याच्याच तोंडून. तरी ते परके, मूर्तिपूजक खलाशी काय करतात? ते वल्ही हाती घेतात आणि किनारा गाठण्याची शिकस्त करतात. पहिल्या अध्यायाचे तेरावे वचन आम्ही शब्बाथ शाळेत घाईने ओलांडतो, कारण मुलांना मासा हवा असतो. पण सबंध गोष्टीतील माणुसकी त्या वचनात आहे. ज्याने 'मला टाका' म्हटले त्याच्या शब्दावर ते एकदम विसंबले नाहीत. त्यांनी आधी वल्ही मारली. ह्याच्या उलट कयफाने, योहानाच्या अकराव्या अध्यायात, सर्वांसाठी एकाने मरणे सोयीचे आहे असा हिशेब मांडला. आणि त्या हिशेबातील एक तो स्वतः नव्हता.

दुसरे जहाज पौलाचे. प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय आमच्या मते ओझ्याचा सर्वोत्तम अभ्यास आहे. आधी माल जातो, मग जहाजाचे सामान, शेवटी पोटाचा आधार असलेले गहूसुद्धा. तेही सर्वांनी पोटभर खाल्ल्यावर. जहाजावर दोनशे शहात्तर माणसे होती हा आकडा लेखकाने मुद्दाम दिला आहे. खलाशी होडीतून पळू पाहतात तेव्हा पौल त्यांनाही जाऊ देत नाही. शिपाई बंदिवानांना मारू पाहतात तेव्हा शताधिपती त्यांस अडवतो. अखेर जहाजही फुटते. सर्व काही गेले, माणूस एकही नाही. तेथे टाकण्याजोग्या वस्तूंची यादी किती लांब आहे आणि माणूस त्या यादीत कसा येतच नाही हे पाहण्यासारखे आहे.

धारवाडच्या जुन्या, उतरत्या कौलांच्या घरांतून आता बहुधा एकटी म्हातारी माणसे राहतात. मुले पुण्यास, बंगळूरला, परदेशात. प्रत्येक मंडळीत अशी एक तरी आजी असते जी भेटीस गेलेल्यांना म्हणते, 'मला कुठंतरी ठेवा बाबांनो, मी आता भार झाले.' मुले हे ऐकतात आणि त्यांना हायसे वाटते, कारण आता ते तिच्याच इच्छेने होणार असते. वृद्धाश्रम हे पाप आहे असे आम्ही म्हणणार नाही. कित्येकदा तेथे घरापेक्षा चांगली देखभाल होते, आणि नोकरी सोडून सेवा करणे प्रत्येकास शक्य नसते. परंतु तिने ते म्हटल्यावर लगेच अर्ज आणण्यास जाणे आणि आधी चार महिने वल्ही मारून पाहणे, ह्यांत मोठा फरक आहे. आजीच्या त्या वाक्यात बहुधा विनंती नसते, प्रश्न असतो. 'होय का रे?' असा. त्याला उत्तर कराराने देता येत नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनाही एक सांगावेसे वाटते. वचनपाठाच्या स्पर्धेसाठी वर्ग तयार करताना जो मुलगा अडखळतो, तोतरा बोलतो, त्याला 'तू पुढच्या वर्षी' म्हणून बाजूस बसविले की वर्ग हलका होतो आणि ढाल मिळते. प्राध्यापक शार्ल ह्यांचे बलून पहिल्या फेरीनंतर खाली उतरले तेव्हा रोबेर टोपलीतून बाहेर पडले. त्यांच्या वजनाची भरपाई न करताच शार्ल एकटे पुन्हा वर गेले, आणि बलून दहाएक मिनिटांत सुमारे तीन हजार मीटर उंच सुटले. त्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा सूर्य मावळताना पाहिला, जो मान त्यांच्या आधी कोणास मिळाला नव्हता. कडाक्याची थंडी वाजली, कानात असह्य कळ उठली, आणि त्यांना झडप ओढून घाईने खाली यावे लागले. त्यानंतर ते पुन्हा कधी वर गेले नाहीत.

आणि जेफ्रीजचे काय झाले? खाडीच्या मध्यावर बलून खाली येऊ लागले. होती नव्हती ती वाळू गेली. मग पुस्तके, खाद्यपदार्थ, हवेत वल्हविण्यासाठी केलेले पंख, दोऱ्या, नांगर. तरी पाणी जवळच येत होते. मग कोट गेले, आणि विजारीही गेल्या. दोघांनी बुचाच्या लाकडाची जाकिटे अंगात घातली. ब्लांशारने कराराची आठवण दिली असती तर ती वेळ हीच होती. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बलून आपोआप वर चढले आणि दोघेही, जवळजवळ उघडे आणि थंडीने काकडलेले, गीन गावच्या रानात झाडांवर उतरले. बेंजामिन फ्रँकलिनच्या नातवास, टेंपल फ्रँकलिनला, पोचविण्यासाठी कोणी तरी विश्वासाने दिलेले एक पत्र मात्र जेफ्रीजने टाकले नव्हते.